ओचा, कनवट आणि खिसा

कपडा घेताना मी रंग नंतर बघते. आधी बाजूच्या शिवणीत हात घालते. खिसा सापडला आणि त्यात मनगटापर्यंत हात गेला, तर मग कापड उजेडात धरून वीण बघायची, मुठीत चुरगाळून सोडायचं, उलटं करून शिवण तपासायची. खिसा नसेल तर कपडा परत घडीला. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली, आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, तरी ही सवय राहिली आहे. अंगावरच्या कपड्याने आपल्या दिवसाच्या कामाला मदत केली पाहिजे असं मी मानते. चांगलं दिसणं मलाही आवडतं, पण ज्या कपड्यात माझे हात अडकून राहतात त्यात मी कधीच चांगली दिसलेले नाही.

हे मी शिकले आजीकडून. आंबोली घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव. वर घाटात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली आमच्याकडे त्याच्या निम्मा धरला तरी चार महिने कपडा धड वाळत नाही. आजी नऊवार लुगडं पोटरीच्या वर नेसायची, काष्टा मागे घट्ट खोचलेला. लावणीच्या दिवसांत पाठीवर इरलं घेऊन ती सकाळपासून चिखलात वाकलेली असे, आणि कापडाचं एक टोकही तिच्या पायात येत नसे. ती झाडाच्या खालच्या फांदीवर चढायची, व्हाळ ओलांडायची, डोक्यावर भारा घेऊन चढण चढायची. त्या नेसण्यात दोन पाय दोन पायांसारखे चालू शकत. विजार किंवा सलवार न शिवता, एकही टाका न घालता, हे साधलेलं होतं.

आणि त्या लुगड्याला सामान ठेवायला जागा होती. पोटाजवळ निऱ्या वर खोचून झोळीसारखा ओचा करायचा. काजूच्या दिवसांत त्यात बिया, मे महिन्यात रातांबे, पहिल्या पावसानंतर टाकळ्याची आणि कुर्डूची भाजी. कोंबडीने गवतात घातलेली अंडीसुद्धा आजी ओच्यात घालून आणायची आणि मधे कुंपणाची बेडं ओलांडायची, अंडं फुटायचं नाही. पैसे कनवटीला. कमरेच्या पिळात नाणी अशी गुंडाळून लावलेली असत की बाजारात पैसे काढायला तिला खाली बघावं लागत नसे, बोटांना माहीत असायचं कोणतं नाणं कुठे आहे. पान-सुपारीसाठी कमरेला चंची, तिला कप्पे. किल्ली पदराच्या गाठीत. आजी घराबाहेर पडली की तिच्याजवळ हे सगळं असायचं आणि दोन्ही हात मोकळे असायचे. “बाईमाणसाचे हात मोकळे व्हये,” असं ती म्हणायची. कशासाठी ते तिने कधी सांगितलं नाही, पण तिच्यामागे चालताना ते दिसायचं. एका हाताने फांदी बाजूला सारायची, दुसऱ्या हाताने माझा दंड धरायचा.

हल्ली लग्नसमारंभात तयार शिवलेल्या नऊवारी दिसतात. मुली त्यात आनंदाने मिरवतात, त्याला माझी हरकत नाही. पण त्या शिवलेल्या नऊवारीत ओचाही नसतो आणि कनवटही नसते, म्हणून मोबाईल कोणा बहिणीच्या हातात द्यावा लागतो. कामाचं वस्त्र दिखाव्याचं झालं की सगळ्यात आधी सामान ठेवायची जागा जाते.

लुगड्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी आजीच्या आयुष्यावर खोटा मुलामा चढवला असं होईल. तिच्याकडे रोजची लुगडी दोनच. नऊवार जाड सुती कापड पावसाळ्यात भिजलं की पाण्याने इतकं जड होई की पिळायला दोघी लागत. चुलीवरच्या दांडीवर ते रात्रभर टांगलं तरी सकाळी काठ ओले आणि सगळ्या कापडाला धुराचा वास. तिच्या तरुणपणी एकच धड लुगडं असलेल्या बायका अर्धं नेसून अर्धं वाळवत, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. ओल्या कापडाने मांड्या सोलवटत. तेव्हा जुनं तेवढं सोयीचं, असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच आईला नायलॉनची साडी मिळाली तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. माझे काका परळला एका गिरणीत साच्यावर होते. गणपतीला येताना पत्र्याच्या ट्रंकेत कापड घेऊन यायचे. आमच्या फ्रॉकांना पॉपलीन, बाबांच्या सदऱ्याला लाँगक्लॉथ, घरच्या पोरांच्या चड्ड्यांना जाड ड्रिल. एका वर्षी आईसाठी निळ्या फुलांची नायलॉनची पाचवारी आणली. ती धुवायची, झटकायची, पडवीत टाकायची आणि दोन तासांत नेसायची. इस्त्री नाही, खळ नाही. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतो, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही, हे मी पुढे वाचलं. आईने ते न वाचता ओळखलं होतं. पावसात आणि बाजाराला नायलॉन, चुलीपाशी आणि उन्हात सुती, अशी तिने स्वतः वाटणी केली. चुलीजवळ नायलॉन पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं, हे शेजारच्या एका घरात झालेल्या अपघाताने सगळ्या वाडीला कळलं होतं. सुती कापडाचं मला प्रेम आहे, पण कृत्रिम धाग्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी आमच्या भागातला जुलै बघितलेला नसतो, आणि चार माणसांचे कपडे चुलीवर वाळवलेले नसतात.

पण आईच्या गोल साडीबरोबर ओचा गेला. पाचवारीत पायाभोवती घेर येतो आणि पोटाजवळ झोळी करायला कापड उरत नाही. कनवटीची जागा परकराच्या नाडीने घेतली. पैशांची छोटी पर्स ब्लाउजमध्ये गेली. उन्हाळ्यात त्या पर्समधल्या नोटा घामाने ओलसर निघत, आणि कंडक्टरसमोर त्या काढताना आई अंग वळवून घ्यायची. ते वळणं मला लहानपणीही आवडायचं नाही. बाकीचं सामान पिशवीत, म्हणजे एक हात कायमचा पिशवीला. शेवटी आईने स्वतःच्या परकराला आतून एक खिसा शिवला, तोंडाला चेन लावलेला. मुंबईला जाताना त्यात पैसे आणि परतीचं तिकीट. तो खिसा तिचा फार मोठा आधार होता, पण त्यातलं काही काढायला आडोसा शोधावा लागायचा.

नेसण्यात असे बदल बायका नेहमीच करत आल्या आहेत, आणि त्यामागे हवामान, काम, प्रवास अशी साधी कारणं असतात. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत आपल्याकडच्या नऊवारीने पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. आत घागरा घालता येतो आणि सगळं अंग झाकलं जातं. अठरा वर्षांची मुलगी, परका देश, इकडे समाजाची नजर तिच्या प्रत्येक निरीवर, आणि तिने विचार केला तो थंडीचा आणि तब्येतीचा. त्यांच्या १८८६ च्या पदवीबद्दल आपण शाळेत शिकवतो ते योग्यच आहे. नेसण्याचा हा निर्णयही शिकवावा असं मला वाटतं.

माझं लहानपण परकर-पोलक्यात आणि शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये गेलं. स्कर्ट काकांनी आणलेल्या कापडाचा, बाजारपेठेतल्या शिंप्याने शिवलेला, आणि त्याच्या उजव्या शिवणीत खिसा. त्यात सागरगोटे, चिंचोके, पेन्सिलीचा तुकडा, कधी भिजलेली बोरं. खिशात हात घालून चालताना मला फार बरं वाटायचं. भावाच्या चड्डीला दोन खिसे आणि शर्टाला एक, माझ्या स्कर्टला एकच, हा हिशोब मी तेव्हाच मांडला होता. बाबांच्या बंडीला तर आतून चोरखिसा होता. पुरुषांच्या कपड्याला खिसा लावा असं शिंप्याला कोणी सांगत नसे, तो आपसूक लागे.

कापडाचं जे काही मला कळतं ते काकांमुळे. किनार कशी बघायची, धागा ओढून वीण किती घट्ट आहे ते कसं ओळखायचं, खळीने जड केलेलं कापड दोन धुण्यांत कसं फसवतं, हे त्यांनी पडवीत बसून शिकवलं. खिशाला नेहमी मांजरपाट लावायचं, वरचं कापड कितीही भारी असो, हेही त्यांचंच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी साच्यापाशी उभे राहिले नाहीत. काका गावी परत आले ते रिकामी ट्रंक घेऊन. त्यानंतर आमच्या घरात कापड तालुक्याच्या दुकानातून येऊ लागलं, आणि काका प्रत्येक कापड बोटांत धरून बघायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. कपड्याबद्दल लिहिताना ज्यांनी ते विणलं त्यांचं नाव निघालं नाही तर माझं लिहिणं अपुरं राहील.

डी.एड. झाल्यावर मला नोकरी लागली ती घाटाखालच्या एका वाडीतल्या शाळेत. बाईंनी साडी नेसायची, हे कुठे लिहिलेलं असण्याची गरजच नव्हती. एस.टी.तून उतरून पायवाटेने चालायचं, मधे साकव, पावसात साकवावरून पाणी. साडी गुडघ्यापर्यंत भिजायची आणि तशीच संध्याकाळपर्यंत अंगावर वाळायची. शिक्षिकेच्या हाताशी काय काय लागतं ते बघा. खडू, डस्टर, लाल पेन, शिट्टी, शाळेच्या किल्ल्या, एखाद्या पोराच्या गुडघ्याला बांधायला पट्टी, कोणाचा पडलेला दात कागदात गुंडाळून. आमच्या शाळेतले गुरुजी हे सगळं शर्टाच्या आणि पँटच्या खिशात घालून मैदानावर धावत. मी किल्ल्या कमरेला खोचायची, शिट्टी गळ्यात, खडू मुठीत. लंगडी आणि खोखो शिकवायला निऱ्या वर खोचायच्या आणि पिना मोजून लावायच्या. मुलांबरोबर पळायचं माझ्या अंगात होतं, पण कापड पळू द्यायचं नाही.

पंजाबी ड्रेस आमच्या शाळांमध्ये हळूहळू आला. आधी सहलीला, मग क्रीडास्पर्धांना, मग पावसाळ्यात ‘साकव ओलांडायचा असतो’ म्हणून. एका वरिष्ठांनी बैठकीत त्यावर नापसंती दाखवली होती. बाईंनी शिकवताना शालीन दिसावं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही काहीजणींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तशाच गेलो. गावातल्या बायकांनी नावं ठेवली नाहीत, उलट एकीने विचारलं, “बाई, यात चालायला बरं वाटतं ना?” फार बरं वाटत होतं. पाय मोकळे झाले, आजीच्या काष्ट्यानंतर घरातल्या बाईचे पाय पहिल्यांदा मोकळे झाले.

हात मात्र तसेच अडकलेले, कारण त्या ड्रेसला खिसा नव्हता. याचं कारण कापण्यातच आहे. कमीजला दोन्ही बाजूंना कट असतो आणि तो कंबरेच्या थोडाच खाली सुरू होतो. ज्या शिवणीत खिसा बसायचा तीच तिथे उघडी. सलवारीला खिसा लावला तर त्यासाठी कमीज वर उचलावी लागते, म्हणजे आईच्या परकराचीच गत. हे मला शिंप्याने समजावलं, आणि त्याचं खरं होतं. मी त्याला म्हटलं, मग कट खाली घ्या. तो म्हणाला, “बाई, घेर कमी पडेल, चालताना ओढ बसेल.” मग आम्ही दोघांनी खडूने रेघा मारून बघितल्या. घेर थोडा वाढवला, कट वीतभर खाली आणला, खिशाचं तोंड सहा इंच ठेवलं, पिशवी मांजरपाटाची, वरची कड कंबरेच्या शिवणीपर्यंत नेऊन तिथे टाचली म्हणजे वजनाने कापड खाली ओढलं जाऊ नये. तोंडाच्या दोन्ही टोकांना दुहेरी टाके. ‘फुगीर दिसेल’ अशी त्याची शेवटची शंका होती. किल्ल्या घातल्यावर थोडं दिसतंच. पुरुषांच्या शर्टाचा खिसाही चष्म्याने फुगतो, आणि त्याबद्दल कोणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तो ड्रेस घालून मी शाळेत गेले त्या दिवशी खडू खिशात होते. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत मी जात-येत होते, आणि कोणाच्या वहीवर हात ठेवायचा, कोणाच्या पाठीवर, हे मला सुचत होतं. पुढे माझ्या बरोबरच्या कितीतरी शिक्षिकांनी त्याच शिंप्याकडे कापड टाकलं. त्याने नंतर विचारायचंही सोडलं, बाईंचा ड्रेस म्हटला की खिसा.

कपडा आणि वाहन यांचंही असंच नातं आहे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांत इरावती कर्व्यांचं नाव घेतलं जातं, आणि तो काळ साडीचा होता. दुचाकीच्या मागच्या चाकाला जी जाळी असते ती कायद्याने असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण सांगितलं आहे. लोक त्याला साडी गार्ड म्हणतात. मला हा नियम फार आवडतो. बाई जे नेसते त्याला धरून यंत्र बदललं पाहिजे, असं कोणीतरी बसून विचार करून लिहिलं.

१५ मार्च २०२४ ला राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासन निर्णय काढला. स्त्रियांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, पुरुषांनी शर्ट-पँट, जीन्स आणि टी-शर्ट नको. मी तेव्हा निवृत्त झालेली होते, पण वाचून साकव आठवला. शिक्षिकेने नीटनेटकं असावं यात वाद नाही. पण पोशाख ठरवणाऱ्याने एकदा तरी जुलै महिन्यात दुर्गम शाळेपर्यंत चालून जावं, मग दुपट्ट्याबद्दल बोलावं. मैदानावर दुपट्टा एक तर सारखा सावरावा लागतो किंवा कमरेला बांधावा लागतो. काम करणाऱ्या बायका तो बांधतातच, आणि त्या बांधलेल्या दुपट्ट्यात मला आजीची कंबर दिसते.

आता माझं ठरलेलं आहे. पोटरीपर्यंतचा सरळ सुती कुर्ता, कट नाही, चालायला पुरेल एवढा घेर, दोन्ही बाजूंना खिसे, बाह्या कोपराच्या खाली. पावसात सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, गडद रंगाचं. सणाला साडी नेसते, आईची एक आहे ती जपून, आणि परकराला आईसारखाच खिसा, फक्त मी त्याचं तोंड निरीच्या बाजूला घेतलंय म्हणजे हात सहज जातो. भाचीला माझे कुर्ते एकसारखे वाटतात. ते आहेतच. रोज सकाळी कपड्यांपुढे उभं राहून वेळ घालवण्यात मला गोडी नाही. जो वेळ वाचतो त्यात मी घराशेजारच्या मुलांना वाचायला शिकवते.

मोबाईल आल्यापासून खिशाची गरज सगळ्यांनाच कळली आहे. बाजारात खिसेवाले कुर्ते मिळू लागलेत, मला त्याचा खरोखर आनंद आहे. पण हात घालून बघा. पुष्कळांचा खिसा चार बोटांएवढा, एकाच बाजूला, आणि पातळ अस्तराचा, जो किल्लीने महिन्याभरात फाटतो. काही ठिकाणी नुसतं तोंड शिवलेलं असतं, आत पिशवीच नाही. असा कपडा परत ठेवा आणि दुकानदाराला का ठेवला ते सांगा. तो वरच्या व्यापाऱ्याला सांगेल.

शिंप्याकडे कापड टाकाल तेव्हा खिसा तोंडी न सांगता मापाच्या वहीत लिहून घ्यायला लावा. दोन्ही बाजूंना, मनगटापर्यंत खोल, मांजरपाटाचा. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिच्या फ्रॉकलाही लावायला सांगा, तिच्याजवळही ठेवायला वस्तू असतात. त्याला पाव मीटर कापड जास्त लागतं आणि शिलाई थोडी वाढते.